मुठेल, मुरूम आणि अब्जांश कण

आठवी-नववीच्या वर्गात त्वचेचा पाठ शिकवताना एक प्रश्न मुलांच्या मनात हमखास असतो, पण तोंडावाटे क्वचितच बाहेर येतो: ‘चेहऱ्यावर हे मुरूम का येतात, आणि जातील कशाने?’ बारा ते चोवीस या वयोगटातील सुमारे ८५ टक्के मुलामुलींना कमीअधिक प्रमाणात तारुण्यपीटिका होतात असे मानले जाते. म्हणजे पन्नास मुलांच्या वर्गात चाळीसहून अधिक जणांचा हा स्वतःचा प्रश्न असतो. उत्तरे मात्र कोठून कोठून मिळतात. आजी हळद-चंदन लावायला सांगते, मैत्रीण लिंबू चोळते, कोणी टूथपेस्ट लावतो, कोणी औषधाच्या दुकानातून ‘चेहऱ्याची ट्यूब’ घेऊन येतो. आता त्यात एका नव्या शब्दाची भर पडली आहे: ‘नॅनो’. नैसर्गिक अर्क असलेली ‘नॅनो’ मलमे बाजारात दिसू लागली आहेत.

या शब्दामागे खरे विज्ञान आहे. ते समजून घेण्यासाठी लागणारे बरेचसे साहित्य रत्नागिरी जिल्ह्यातल्या घराघरांत सापडते: हळद, दूध, खोबरेल, आणि कोकमाच्या बियांचे तेल, म्हणजे मुठेल.

मुरूम नेमका कोठे होतो?

आपल्या त्वचेतील प्रत्येक केस एका अरुंद, खोल खळग्यातून उगवतो. या खळग्याला केशपुटक म्हणतात. केशपुटकाच्या बाजूला तैलग्रंथी असते. ती ‘सीबम’ नावाचा तेलकट स्राव खळग्यात सोडते आणि तेथून तो त्वचेवर येतो. कपाळावर दर चौरस सेंटिमीटरला अशी सुमारे तीनशे केशपुटके असतात. त्यांतील केस इतके बारीक असतात की कपाळावर केस आहेत असे आपण म्हणतही नाही.

वयात येताना शरीरातील अँड्रोजेन संप्रेरके वाढतात. ही संप्रेरके मुलांत असतात तशी मुलींतही असतात. त्यांच्यामुळे तैलग्रंथी मोठ्या होतात आणि सीबम जास्त तयार होते. त्याच वेळी केशपुटकाच्या तोंडाशी असलेल्या पेशी नीट गळून पडण्याऐवजी एकमेकींना चिकटून राहतात आणि तेथे बूच बसते. बुचाखाली सीबम साचते. तेथे ‘क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस’ या जिवाणूला पोषक परिस्थिती मिळते. (२०१६ पर्यंत त्याचे नाव ‘प्रोपिओनिबॅक्टेरियम ॲक्नेस’ असे होते, जुन्या पुस्तकांत तेच आढळेल.) हा जिवाणू निरोगी त्वचेवरही असतो. तो सीबममधील मेदाचे विघटन करतो, त्यातून त्वचेला झोंबणारी मेदाम्ले तयार होतात, शरीराची संरक्षण यंत्रणा धावून येते आणि लाल, दुखरा, कधी पू झालेला मुरूम दिसू लागतो.

यातून दोन गोष्टी मुलांना सांगता येतील. पहिली, मुरूम अस्वच्छतेमुळे होत नाहीत. बुचाचे तोंड उघडे राहिले की ते काळे दिसते, पण तो काळेपणा मळाचा नसतो. त्वचेतील मेलॅनिन आणि हवेशी संयोग झालेले मेद यांचा तो रंग असतो. चेहरा दिवसातून दहा वेळा साबणाने घासून तो जात नाही, उलट त्वचा चिडते. दुसरी गोष्ट आपल्या विषयाला अधिक जवळची आहे. मुरमाची सगळी घडामोड त्वचेच्या पृष्ठभागावर नव्हे, तर एका अरुंद, तेलाने भरलेल्या, बूच बसलेल्या खळग्याच्या आत चालते. औषध तेथे पोचले पाहिजे.

त्वचेची भिंत

औषध चेहऱ्यावर लावले म्हणजे ते आत गेले, असे आपण गृहीत धरतो. त्वचेचे काम मात्र नेमके उलट आहे. बाहेरचे बाहेर आणि आतले आत ठेवणे, हे ते काम. त्वचेच्या सर्वांत बाहेरच्या थराला शृंगस्तर म्हणतात. चेहऱ्यावर त्याची जाडी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी असते. केराटिनने भरलेल्या मृत, चपट्या पेशी विटांसारख्या एकावर एक रचलेल्या आणि त्यांच्या फटींत मेदाचा गिलावा, अशी त्याची रचना असते. जांभ्या दगडाची भिंत चुन्यात बांधावी तशी.

या भिंतीतून काय जाऊ शकते? हॉलंडमधील बॉस आणि मैनार्डी या संशोधकांनी २००० साली एक ढोबळ नियम मांडला: ज्या पदार्थाचे रेणुवस्तुमान ५०० पेक्षा जास्त, तो निरोगी शृंगस्तरातून सहसा पार होत नाही. हा नियम वर्गात वापरून पाहता येईल.

*वर्गात करून पाहा – १.* पुढील तीन वनस्पतिजन्य पदार्थांची रेणुवस्तुमाने काढा (कार्बन १२, हायड्रोजन १, ऑक्सिजन १६). हळदीतील कुर्क्युमिन: कार्बन २१, हायड्रोजन २०, ऑक्सिजन ६. मँगोस्टीन फळाच्या सालीतील अल्फा-मँगोस्टिन: कार्बन २४, हायड्रोजन २६, ऑक्सिजन ६. कोकमाच्या सालीतील गार्सिनॉल: कार्बन ३८, हायड्रोजन ५०, ऑक्सिजन ६. उत्तरे ३६८, ४१० आणि ६०२ अशी येतील. पहिले दोन उंबरठ्याच्या अलीकडे, कोकमाचे गार्सिनॉल पलीकडे.

रेणू लहान असला म्हणजे काम झाले असेही नाही. तो विरघळायलाही हवा.

*वर्गात करून पाहा – २.* दोन परीक्षानळ्या घ्या. एकीत पाणी, दुसरीत खोबरेल घ्या. दोन्हींत चिमूटभर हळद घालून हलवा आणि तासभर ठेवा. पाण्यात हळद तळाशी बसेल आणि वरचे पाणी फिकट राहील. खोबरेल मात्र पिवळे होईल. हळदीचे रंगद्रव्य असलेले कुर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात थोडेफार विरघळते. आता हळदीचा डाग पडलेली दोन फडकी घ्या. एक उन्हात वाळत घाला, दुसरे कपाटात ठेवा. उन्हातला डाग लवकर उडतो, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. प्रकाशाने कुर्क्युमिनचे विघटन होते.

प्रयोगशाळेत काचेच्या बशीत कुर्क्युमिन जिवाणूंची वाढ रोखते, हे खरे आहे. पण तेथे ते योग्य द्रावकात विरघळवून थेट जिवाणूंवर घातलेले असते. चेहऱ्यावर पाण्यात कालवलेला लेप लावला, तर हळदीचे खडबडीत कण पृष्ठभागावर राहतात, पाणी उडून जाते, प्रकाशाने काही भाग नष्ट होतो आणि उरलेले धुऊन निघते. औषध गुणी असूनही पत्ता चुकतो. हळदीप्रमाणेच अनेक वनस्पतिजन्य पदार्थांची हीच अडचण आहे: ते पाण्यात विरघळत नाहीत, हवेत व प्रकाशात टिकत नाहीत, किंवा रेणू मोठा असतो.

भिंतीला दार आहे

भिंत फोडता येत नसेल, तर दाराने जावे. त्वचेला अशी हजारो दारे आहेत, आणि ती म्हणजे केशपुटकांची तोंडे. मुरमाच्या बाबतीत तर ही मोठीच सोय आहे, कारण आपल्याला पोचायचेही तेथेच आहे. प्रश्न एवढाच, की या दारातून कोणत्या आकाराचा कण सहज जातो?

येथे ‘नॅनो’ येतो. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. म्हणून मराठीत अब्जांश म्हणतात. डोक्याचा केस साधारण ७० हजार नॅनोमीटर जाड असतो. १० हजार नॅनोमीटरपेक्षा (म्हणजे १० मायक्रोमीटरपेक्षा) मोठे कण त्वचेवरच राहतात. त्याहून लहान कण केशपुटकांच्या तोंडाशी जमू लागतात, आणि काहीशे नॅनोमीटरचे कण खोल जातात.

बर्लिनच्या शारिते रुग्णालयातील युर्गन लाडेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली याविषयीचा एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी एकच रंगद्रव्य दोन रूपांत घेतले: एक नुसते, दुसरे सुमारे ३२० नॅनोमीटरच्या कणांत भरलेले. डुकराच्या कानाच्या त्वचेवर (ती माणसाच्या त्वचेशी बरीच मिळतीजुळती असते) दोन्ही लावून पाहिली. नुसती लावून ठेवली तेव्हा दोन्हींत विशेष फरक दिसला नाही. पण हलके चोळल्यावर कणांतील रंग केशपुटकात बराच खोल गेला. माणसाच्या त्वचेवर पाहिले, तेव्हा कणांतील रंग केशपुटकात १० दिवसांपर्यंत टिकला, तर नुसता रंग ४ दिवसांपर्यंतच आढळला. खळग्यात गेलेला कण पाण्याने धुऊन किंवा कपड्याला पुसून निघत नाही. तो तेथे छोट्या कोठारासारखा बसतो आणि आतला पदार्थ हळूहळू सोडतो.

चोळल्याने फरक का पडला? केसाचा पृष्ठभाग गुळगुळीत नसतो, त्यावर कौलांसारखे एकावर एक बसलेले खवले असतात. एका खवल्याची जाडी अर्ध्या मायक्रोमीटरच्या, म्हणजे ५०० नॅनोमीटरच्या आसपास असते. चोळताना केस हलतो आणि हे खवले दातेरी चाकाच्या पंपासारखे काम करून त्यांच्याच मापाचे कण आत ढकलतात, असा अर्थ लाडेमान यांनी लावला.

*वर्गात करून पाहा – ३.* डोक्याचा एक लांब केस घ्या. मुळाकडून टोकाकडे चिमटीतून ओढा, मग टोकाकडून मुळाकडे ओढा. दुसऱ्या वेळी बोटांना खरखरीतपणा जाणवेल. बोटांना जाणवले ते हेच खवले. सूक्ष्मदर्शक असेल तर तेही पाहा.

कण कशाचा करायचा? मुठेलाचे उदाहरण

आता वाहन तयार करायचे. ते त्वचेला न झोंबणारे हवे, त्यात तेलात विरघळणारे औषध मावले पाहिजे, आणि त्वचेच्या तापमानाला ते घन राहिले पाहिजे; म्हणजे औषध एकदम सांडून जाणार नाही. या अटी पुऱ्या करणारे कण १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस जर्मनीतील राइनर म्युलर आणि इटलीतील मारिया गास्को यांच्या गटांनी विकसित केले. त्यांना घन मेदाचे अब्जांश कण म्हणतात.

घन मेद म्हटले की कोकणातल्या माणसाला मुठेल आठवायला हवे. कोकमाची फळे फोडून सालीची आमसुले होतात. उरलेल्या बिया वाळवून, फोडून, त्यांतला गर कुटून पाण्यात उकळतात. वर तरंगणारे तेल काढून, थंड होत आले की मुठीत दाबून त्याचे गोळे करतात, म्हणून ते मुठेल. काही ठिकाणी त्याला भिरंडेलही म्हणतात. थंडीत पायाच्या भेगांना ते लावण्याची जुनी रीत आहे. या तेलात स्टिअरिक आम्ल निम्म्याहून अधिक आणि ओलेइक आम्ल सुमारे ४० टक्के असते. त्याचा द्रवणांक ३८ ते ४० अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. चेहऱ्याच्या त्वचेचे तापमान साधारण ३२ ते ३४ अंश असते. त्यामुळे मुठेल तेथे मऊ होईल, पण पाण्यासारखे वितळून वाहणार नाही. खोबरेल मात्र २४-२५ अंशांलाच वितळते. म्हणून थंडीच्या सकाळी बाटलीत गोठलेले खोबरेल हातावर घेताच पातळ होते. कोकम तेल मलमांत आणि सौंदर्यप्रसाधनांत आधारद्रव्य म्हणून वापरले जाते, ते याच गुणामुळे.

कण तयार करण्याची रीत ऐकायला सोपी आहे. मेद वितळवायचा, त्यात औषध विरघळवायचे, त्याच तापमानाच्या पाण्यात पायसकारक घालून हे मिश्रण ओतायचे आणि प्रचंड दाबाने बारीक फटीतून पाठवायचे. मेदाचे अतिसूक्ष्म थेंब होतात. गार केल्यावर थेंबांचे घन कण बनतात आणि औषध आत अडकते. घरच्या मिक्सरमध्ये इतके बारीक थेंब होत नाहीत. मात्र पाण्यात विखुरलेले मेदाचे कण कसे दिसतात, हे पाहायला दूध पुरेसे आहे. ग्लासभर पाण्यात दुधाचे काही थेंब टाका आणि अंधारात बॅटरीचा झोत सोडा. झोताची वाट स्पष्ट दिसेल. मेदाच्या गोलिकांनी आणि त्यांहून लहान अशा केसीन प्रथिनाच्या कणांनी विखुरलेला तो प्रकाश आहे.

यात एक गंमतशीर अडचण आहे. साजूक तूप सावकाश निवले की रवाळ होते, हे आपण पाहतो. एकसारखे रेणू शिस्तीत रचले जाऊन स्फटिक बनतात. मुठेलातील मेदाचा मोठा हिस्सा एकाच प्रकारच्या रेणूचा असल्याने तेही नीट स्फटिक बनवू पाहते. रांगा घट्ट झाल्या की मध्ये शिरलेल्या परक्या रेणूला, म्हणजे औषधाला, जागा उरत नाही. कालांतराने ते कणाबाहेर ढकलले जाते. यावर उपाय म्हणून घन मेदात थोडे पातळ तेल मिसळतात. रांगा विस्कळित होतात, पोकळ्या राहतात आणि औषध आत टिकते. स्फटिक जितका सुबक तितका तो वाहन म्हणून वाईट, हे मुलांना नवलाचे वाटेल.

लहान आकाराचा आणखी एक फायदा गणिताने दाखवता येतो. १ सेंटिमीटर बाजूचा मुठेलाचा घन घ्या. त्याचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर. त्याचे १०० नॅनोमीटर बाजूचे घन केले, तर त्यांची संख्या १ वर १५ शून्ये इतकी होईल आणि एकूण पृष्ठफळ ६० चौरस मीटर, म्हणजे १० मीटर लांब आणि ६ मीटर रुंद वर्गाची सगळी फरशी! औषध बाहेर झिरपते ते पृष्ठभागातूनच. म्हणून थोड्या मेदातूनही पुरेसे औषध देता येते.

संशोधन कोठवर आले आहे?

नैसर्गिक पदार्थ मुरमांवर मुळीच चालत नाहीत असे नाही. १९९० साली ऑस्ट्रेलियात १२४ रुग्णांवर एक चाचणी झाली. तीत टी-ट्री या झाडाचे तेल ५ टक्के प्रमाणात आणि बेंझॉइल पेरॉक्साइड हे नेहमीचे औषध तेवढ्याच प्रमाणात देऊन तुलना केली. दोन्हींनी मुरूम कमी झाले. तेलाचा परिणाम सावकाश दिसला, पण त्रास कमी झाला.

अब्जांश कणांबाबत महाराष्ट्रातील काम मुंबईत माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत (पूर्वीची ‘यूडीसीटी’) झाले आहे. तेथील प्रा. वंदना पत्रावळे यांच्या गटाने २००७ साली ट्रेटिनॉइन हे ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळातील मुरमांवरचे औषध घन मेदाच्या कणांत भरले. हे औषध गुणकारी, पण दोन दोष असलेले: प्रकाशात ते बिघडते आणि त्वचेची आग करते. कणांत भरल्यावर ते प्रकाशात अधिक टिकले आणि त्यापासून केलेले जेल बाजारातील मलमापेक्षा त्वचेला कमी झोंबले.

वनस्पतिजन्य पदार्थाचे नेमके उदाहरण थायलंडचे आहे. मँगोस्टीन हे कोकमाच्याच ‘गार्सिनिया’ प्रजातीतील, म्हणजे त्याचे भाऊबंदच. बँकॉकच्या चुलालोंगकोर्न विद्यापीठातील संशोधकांनी त्याच्या सालीतील अल्फा-मँगोस्टिन सेल्युलोजपासून केलेल्या अब्जांश कणांत भरले. हे कण केशपुटकांत जमतात असे त्यांना दिसले. मग मोजक्या रुग्णांच्या चेहऱ्याच्या एका बाजूला हे कण आणि दुसऱ्या बाजूला औषध नसलेले मिश्रण, असे चार आठवडे दिवसातून दोनदा लावले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत औषधाच्या बाजूचे मुरूम लक्षणीय कमी झाले होते. एकाच व्यक्तीचा अर्धा-अर्धा चेहरा घेतल्याने वय, आहार, संप्रेरके हे सगळे घटक आपोआप समान झाले. नियंत्रित प्रयोग म्हणजे काय, हे शिकवायला याहून चांगले उदाहरण शोधावे लागेल. तरीही मोजके रुग्ण आणि चार आठवडे एवढ्यावर दिशा कळते, निर्णय होत नाही. शेकडो रुग्णांवर, अधिक काळ, आणि नेहमीच्या औषधाशी तुलना करूनच तो करता येतो.

मग मुठेल चोळायचे का?

नाही. हा प्रश्न मुले विचारतीलच, म्हणून उत्तर स्पष्ट द्यावे. भेगाळलेली टाच कोरडी असते, तिला मेदाचा थर हवा असतो. मुरूम आलेले केशपुटक आधीच मेदाने तुंबलेले असते. त्यावर जाड थर दिल्यास बूच अधिक घट्ट बसू शकते. कणांतील मेद नगण्य असतो आणि तो हमालाचे काम करतो. आमसूल किंवा लिंबू चोळणेही योग्य नाही. दोन्ही आम्लधर्मी आहेत, आणि लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्वचेवर फोड व काळे डाग येऊ शकतात. ‘नैसर्गिक’ म्हणजे ‘निरुपद्रवी’ नव्हे.

याहून मोठा धोका ‘चेहऱ्याच्या ट्यूब’चा आहे. आपल्याकडे दुकानात सहज मिळणाऱ्या अनेक मलमांत बीटामेथासोन, क्लोबेटासॉल यांसारखी तीव्र स्टिरॉइडे असतात. लावताच लाली उतरते, चेहरा उजळल्यासारखा वाटतो. काही आठवड्यांनी त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरूम अधिक जोमाने येतात, आणि मलम बंद केले की चेहऱ्याची आग होते. देशातील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने याविरुद्ध मोहीम चालवली, आणि २०१८ साली केंद्र सरकारने त्वचेवर लावायच्या अनेक स्टिरॉइडांना डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट घातली. पण दुकानदाराने चिठ्ठी मागितली नाही तर विचारणार कोण? ट्यूबवरचे बारीक अक्षर वाचायला शिकलेला विद्यार्थीच तेथे स्वतःचे रक्षण करू शकतो.

मुरूम खोल, दुखरे असतील किंवा खड्डे पडू लागले असतील, तर थांबू नये, डॉक्टरांना दाखवावे. राहिलेला व्रण आयुष्यभर सोबत करतो. कोणत्याही योग्य उपचाराचा परिणाम दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात, हेही सांगून ठेवावे. नाहीतर मुले आठव्या दिवशी औषध बदलतात.

शेवटी वर्गात चर्चेसाठी चार प्रश्न देतो. एखाद्या मलमाची जाहिरात आणा आणि विचारा: यात नेमका कोणता पदार्थ, किती टक्के आहे? तो जेथे काम करायचा तेथे पोचतो, याला पुरावा काय? चाचणी किती लोकांवर, किती दिवस, कशाशी तुलना करून झाली? आणि ‘नॅनो’ हा शब्द काढून टाकला, तर जाहिरातीत काय उरते? या चारांची उत्तरे मिळाली, तर मलम वापरण्याजोगे आहे की नाही ते मुले स्वतःच सांगतील.